पानातली भाजी आणि गिरणीचा पगार



आमच्या कामगारांच्या बैठकीला बायका आल्या म्हणजे पगाराचा विषय आटोपल्यावर घरचा विषय निघतो, आणि तो बहुधा एकाच तक्रारीपाशी येतो : पोर भाजीला हात लावत नाही. डॉक्टर आईला रागावतो, आई पोराला रागावते. हा राग कुठून सुरू झाला ते पाहण्यासाठी मी जुने कागद चाळले. मी शाळा अर्ध्यावर सोडलेला माणूस; सरकारी अहवाल वाचायला शिकलो तो मागणीपत्रे लिहिता लिहिता. तेव्हा चूकभूल पोटात घालावी.

मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने १९२१-२२ साली सुमारे अडीच हजार कामगार कुटुंबांचा जमाखर्च तपासला. फिंडले शिरस यांचा तो अहवाल १९२३ साली निघाला. त्याचा एक निष्कर्ष पुढे फार गाजला. मुंबईचा मजूर दुष्काळी नियमावलीतल्या मापाइतके धान्य खातो खरा, परंतु तुरुंगाच्या नियमावलीत कैद्याला जेवढे अन्न ठरवून दिले आहे तेवढे त्याच्या वाट्याला येत नाही! हे कुणा चळवळ्याने लिहिलेले नाही, सरकारी अधिकाऱ्याने लिहिले आहे.

हीच कचेरी दरमहा राहणीखर्चाचा निर्देशांक काढी. जुलै १९१४ चे भाव शंभर धरून त्याचे गणित चाले. खाद्यपदार्थांच्या यादीत तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी, डाळ, गूळ, चहा, मीठ, मांस, दूध, तूप हे सारे होते. भाजी म्हणून काय होते? बटाटे आणि कांदे. मेथी, माठ, चाकवत यांना त्या यादीत जागा नव्हती. पाल्याचा भाव सकाळी एक, संध्याकाळी दुसरा. बटाट्याचा भाव लिहून घेणे कारकुनाला सोपे. एवढेच कारण असावे असे मला वाटते. परंतु पुढे कामगारांचा महागाईभत्ता अशाच निर्देशांकांना बांधला गेला. म्हणून यादीत नसलेली जिन्नस महागली तरी भत्त्याला त्याची खबर लागत नसे.

गिरणीत आलेली माणसे मूळची रत्नागिरीची, साताऱ्याची. गावी पाऊस पडला की टाकळा, भारंगी, कुर्डू बांधावर आपसूक उगवतात. शेवग्याचा पाला परसातला. त्याला पैसा पडत नाही. चाळीच्या खोलीत आल्यावर पाल्याची प्रत्येक जुडी विकत आली. १९३७ साली कुन्नूरच्या डॉ. आयक्रॉइड यांनी हिंदी अन्नपदार्थांचे कोष्टक छापले आणि त्यात याच साध्या पाल्यांची थोरवी आकड्यांनी दाखवली. पण तोवर ते पाले गावी राहिले होते.

याची किंमत कोणी मोजली, तेही ऐका. १९२८ साली लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टरीण मुंबईत आली. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांना एक घातक पंडुरोग होई, त्याचा शोध तिला घ्यायचा होता. दोष आहारात आहे हे तिने ओळखले आणि मार्माइट नावाच्या स्वस्त, काळ्या, चिकट चाटणाने त्या बायका बऱ्या होतात हे १९३१ साली जाहीर केले. त्यातले गुणकारी द्रव्य कोणते, हे मात्र तिला उमगले नव्हते. १९४१ साली अमेरिकेत काही टन पालकातून एक द्रव्य वेगळे काढण्यात आले. लॅटिनमध्ये पानाला फोलियम म्हणतात, त्यावरून त्याचे नाव फॉलिक अ‍ॅसिड पडले. विल्सबाईंचे द्रव्य ते हेच. म्हणजे पोर भाजीला नाक मुरडण्याइतके मोठे होण्याआधी, आईच्या पोटातच त्याच्या वाट्याचे पान हरवत होते.

आता थोडे घरचे सांगतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. त्याआधी आई आठवड्याला मेथीची जुडी आणी. मी ती कडू म्हणून पानाच्या कडेला सारी. ती काही बोलत नसे, पुढच्या आठवड्यात पुन्हा वाढी. संप लांबला तशी मेथी बंद झाली. "तू टाकणार ते आणायचं कशाला?" असे ती एकदाच म्हणाली. मग रोज बटाट्याचा रस्सा. बटाटा कोणीच टाकत नसे.

आजचे अभ्यासक सांगतात की नावडती भाजी मुलाच्या तोंडी रुळायला ती आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा पुढे ठेवावी लागते. आईला हे अभ्यासाशिवाय ठाऊक होते, तिचे चालले होतेच. पण आठ वेळा वाया घालवायला आठ जुड्यांचे पैसे लागतात. तिचा हिशोब मला आज तंतोतंत बरोबर वाटतो, आणि म्हणूनच कोणी तिच्यासारखीला अडाणी म्हटले की माझा तोल जातो.

मध्यंतरी कंत्राटी सफाई कामगारांच्या बैठकीत एक बाई म्हणाली, "भाऊ, बटाटा घातला की पोरं मुकाट जेवतात बघा." मी तिला हातात किती पडतात ते विचारले. तिने आकडा सांगितला, आणि आम्ही पुन्हा मागणीपत्र पुढे ओढले.