लग्नाची पंगत आणि यजमानाची ऐपत

विवाहाची गणना सोळा संस्कारांत होत असली, तरी व्यवहारात यजमानाची कसोटी मंगलाष्टकांपेक्षा पंगतीतच अधिक लागते. मुहूर्त थोडा टळला तर लोक विसरतात. पंगतीला भात कमी पडला तर विसरत नाहीत. म्हणूनच बेताच्या मिळकतीचा वधूपिता दागिन्यांच्या यादीपेक्षा पानांच्या संख्येने अधिक कासावीस होतो. ही विवंचना जुनी आहे. तिचा इतिहास ज्ञातिबांधवांपुढे थोडक्यात ठेवावा, एवढाच आमचा हेतू आहे.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते हिसकावून जाळली आणि दख्खनच्या दंग्यांस आरंभ झाला. कुणबी लग्नकार्यात उधळेपणा करतो म्हणूनच तो कर्जात बुडतो, असे त्या काळी सर्रास बोलले जात असे. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने मात्र निराळा निर्वाळा दिला. लग्नखर्च ही कर्जातील एक महत्त्वाची बाब खरी; पण तिला अवास्तव प्राधान्य मिळाले असून पोटाला धान्य, बियाणे, बैल आणि सरकारी सारा यांसाठी वारंवार काढलेल्या लहान रकमांनीच कर्जाचा डोंगर वाढतो, असे आयोगास आढळले. महात्मा जोतीराव फुले यांनीही १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात उधळेपणाच्या या आरोपाचा समाचार घेतला. गरिबाला उधळ्या म्हणणे सोपे असते, ही गोष्ट आपण ध्यानी ठेविली पाहिजे.

मात्र फुले यांनी खर्च कमी करण्याचा मार्गही दाखविला. २४ सप्टेंबर १८७३ रोजी त्यांनी सत्यशोधक समाज स्थापिला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात या समाजाच्या पद्धतीचा पहिला विवाह अत्यल्प खर्चात पार पडला. पुढे निरनिराळ्या ज्ञातींच्या परिषदांतून लग्नखर्च आटोक्यात आणण्याचे ठराव वारंवार होत गेले. ते वारंवार करावे लागले, यातच त्यांच्या अंमलबजावणीची कथा आली.

जुन्या खेड्यातील पंगत आजच्या मानाने स्वस्त होती, ती केवळ धान्य स्वस्त होते म्हणून नव्हे. पत्रावळी व द्रोण पळसाच्या पानांचे, घरीच लावलेले, दळणकांडण आळीतल्या बायकांनी वाटून घेतलेले, वाढपी भाऊबंदांतलेच. गव्हाची खीर किंवा लापशी, भात, आमटी आणि एखादी भाजी एवढ्यावर पंगत उठे. गोडास साखरेऐवजी गूळ चाले. आप्तेष्ट आहेराबरोबर शिधाही आणीत, त्यामुळे एकाचा भार अनेकांच्या खांद्यांवर विभागला जाई. शहरात आल्यावर हे हात दुरावले आणि प्रत्येक कामास मजुरी पडू लागली. ही उणीव ओळखूनच अनेक ज्ञातिसंस्थांनी मोठी पातेली, घंगाळी व परात्या विकत घेऊन सभासदांस नाममात्र भाड्याने देण्याची प्रथा पाडली. संस्थेच्या कपाटातील ती भांडी म्हणजे गरीब सभासदाच्या अब्रूचे राखणदारच होत.

पुढे काळानेच सर्वांस काटकसर शिकविली. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, मुंबईत शिधावाटप सुरू झाले. लग्नघरी साखर हवी तर परमिटासाठी कचेरीत खेटे घालावे लागू लागले. १९६५ च्या धान्यटंचाईत पंतप्रधान लालबहादुर शास्त्री यांनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. अलीकडे २०२० साली करोनाच्या साथीत विवाहास पन्नासांहून अधिक माणसे नकोत, असा नियम झाला. त्या सर्व काळांत लग्ने झालीच. थोडक्या पानांत झाली आणि त्यांचे संसारही इतरांसारखेच चालले. परंतु निर्बंध उठताच पानांची संख्या पुन्हा वाढली. सक्तीने आलेली काटकसर सक्तीबरोबरच जाते, हा या इतिहासाचा बोध आहे.

आता हिशेबाकडे वळू. शंभर पानांस साधारणतः दहा किलो तांदूळ आणि चार किलो तूरडाळ पुरते. वरण, भात, एक भाजी, कोशिंबीर आणि एकच गोड पदार्थ असा बेत ठेविला, तर सामान्य कुटुंबासही तो झेपतो. खर्च फुगतो तो दुसऱ्या-तिसऱ्या पक्वान्नाने आणि ‘त्यांनी बोलाविले, म्हणून आपणही बोलाविले पाहिजे’ या हिशेबाने. पंगत बसवून आग्रहाने पण बेताने वाढले, तर पानात अन्नही कमी उरते.

परंतु हा उपदेश गरिबासच करणे अन्यायाचे होईल. साधी पंगत गरिबाने घातली तर तिला दारिद्र्य म्हणतात. संपन्नाने घातली तर तिची रीत पडते. म्हणून आरंभ संपन्न घरांनी करावा, अशी आमची त्यांस नम्र विनंती आहे. ज्या मांडवात मोजकीच पाने पडतात तेथे पाहुण्याने नाव ठेवू नये, हा धर्म मात्र आपण सर्वांचाच आहे. मुलीच्या लग्नाचे कर्ज बाप फेडीत बसला नाही, तर धाकट्या मुलाच्या शिक्षणाची फी वेळेवर भरली जाईल. आणि ज्ञातीची खरी उन्नती त्यातच आहे.