घड्याळ अर्धा तास मागे का?

ऑस्ट्रेलियाच्या नकाशात ब्रोकन हिल हे गाव शोधा. ते न्यू साउथ वेल्स राज्याच्या अगदी पश्चिम टोकाला सापडेल. राज्याची राजधानी सिडनी इथून अकराशे किलोमीटरांहून दूर. पण गावातली घड्याळे सिडनीच्या अर्धा तास मागे असतात. ती शेजारच्या राज्यातील ॲडलेडची वेळ दाखवतात. असे का? याचे उत्तर रेल्वेच्या रुळांत आहे.

१८८३ साली मेंढ्यांच्या कुरणाच्या कुंपणावर देखरेख करणाऱ्या चार्ल्स रॅस्पला इथल्या टेकडीवर काळसर खडक दिसला. त्याला वाटले, हे कथिल असावे. निघाले मात्र शिसे, चांदी आणि जस्त. १८८५ मध्ये त्यासाठी कंपनी उभी राहिली. आज जगभर परिचित असलेल्या 'बीएचपी' या नावातील 'बी' आणि 'एच' ही अक्षरे या गावाचीच आहेत.

धातुक जड. ते बंदरापर्यंत न्यायचे कसे? सोयीचे बंदर होते साउथ ऑस्ट्रेलियातील पोर्ट पिरी. त्या वेळी ही दोन राज्ये म्हणजे दोन वेगळ्या ब्रिटिश वसाहती होत्या. साउथ ऑस्ट्रेलियाने आपला लोहमार्ग सरहद्दीपर्यंत आणला. पुढचे सुमारे ५७ किलोमीटर रूळ एका खाजगी कंपनीने टाकले आणि १८८८ मध्ये गाव पश्चिमेशी जोडले गेले. सिडनीकडून थेट रेल्वे यायला १९२७ साल उजाडले. तोपर्यंत माल, माणसे आणि व्यवहार सारे ॲडलेडकडे वळलेले होते. घड्याळही तिकडेच वळले.

पण रुळांवरून संपत्ती बाहेर जात असताना गावाभोवती काय घडत होते? भट्ट्या, चुली आणि खाणीतील टेकू यांसाठी आसपासची झाडे तोडली गेली. उरलेली मेंढ्या, बकऱ्या आणि सशांनी खाल्ली. उघडी पडलेली माती वाऱ्याबरोबर घरांत शिरू लागली. खाणीत धातुकाची परीक्षा करणारा अल्बर्ट मॉरिस हा हौशी वनस्पतिशास्त्रज्ञ होता. त्याने सुचवलेला उपाय साधा होता: कुंपण घाला, जनावरे बाहेर ठेवा, बाकीचे निसर्ग करील. १९३६ पासून अशी राखीव क्षेत्रे आखली गेली. पाऊस पडताच मातीत दडलेले बी रुजले आणि गावाभोवती हिरवा पट्टा उभा राहिला.

पाण्याचा प्रश्न याहून अवघड. वर्षाचा पाऊस जेमतेम २५० मिलिमीटर, म्हणजे आपल्या दुष्काळी माणदेशापेक्षाही कमी. पूर्वी टंचाईत पाणी रेल्वेने आणावे लागे. १९५२ मध्ये डार्लिंग नदीचे पाणी नळाने आले. पुढे तीही आटू लागली, तेव्हा २०१९ मध्ये मरे नदीवरून २७० किलोमीटरची जलवाहिनी सुरू झाली.

मूळ कंपनीने १९३९ मध्येच इथले काम थांबवले. इतर कंपन्यांनी खाणी चालू ठेवल्या, पण कधीकाळी तीस हजारांवर असलेली वस्ती २०२१ मध्ये साडेसतरा हजारांच्या आसपास उरली. जी टेकडी गावाला नाव देऊन गेली, ती तर केव्हाच खणून संपली आहे.

वर्गात एक उपक्रम घेता येईल. आपल्या गावातून काय बाहेर जाते, काय आत येते आणि कोणत्या वाटेने, याचा नकाशा मुलांना काढू द्या. मग विचारा: बाहेर जाणारी वस्तू उद्या संपली, तर गावाजवळ काय उरेल? ब्रोकन हिलजवळ कुंपणाआडची झाडे उरली, कारण ती वेळीच राखली गेली.