घामाचे औषध वेगळे, वासाचे वेगळे

दिवाळी जवळ आली की उटण्याच्या पुड्यांबरोबर हल्ली घरच्या घरी ‘नैसर्गिक डिओडरंट’ करण्याच्या कृतीही हातोहात फिरू लागतात. खोबरेल तेल, खाण्याचा सोडा, आरारूट आणि वर चार थेंब सुगंधी तेल. शेवटी एक वाक्य ठरलेले असते : आपल्या पूर्वजांना हे सारे ठाऊक होते. पूर्वजांना नेमके काय ठाऊक होते, हे मात्र कुणी सांगत नाही. गेली काही वर्षे मी सुगंधी द्रव्यांच्या जुन्या कृती गोळा करतो आहे. त्या वाचताना लक्षात आलेली एक गोष्ट येथे मांडतो.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील तिसरा अध्याय ‘आरग्वधीय’ या नावाने ओळखला जातो. त्यात अंगाला लावायच्या चूर्णांच्या आणि लेपांच्या ३२ कृती आहेत. बहुतेक कृती कुष्ठ, वातरक्त, डोकेदुखी अशा विकारांवरच्या. अध्याय संपता संपता एक श्लोक येतो आणि त्याच्या दोन अर्धांत दोन कृती येतात. पहिली अशी : शिरीष, लामज्जक हे सुगंधी गवत, नागकेशर आणि लोध्र यांचे चूर्ण अंगावर घासावे; त्याने त्वचेचे दोष आणि अतिघाम जातो. दुसरी अशी : तमालपत्र, काळा वाळा, लोध्र, अभया आणि चंदन यांचा लेप शरीराची दुर्गंधी घालवतो. ‘अभया’चा अर्थ कुणी हिरडा घेतात, कुणी वाळा.

घामाला एक औषध आणि वासाला दुसरे, असा हा भेद आहे. आजचे शरीरशास्त्रही हा भेद मानते. ताज्या घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. काखेतील विशिष्ट ग्रंथींचा स्राव त्वचेवरचे जिवाणू फोडतात आणि त्यातून वास निर्माण होतो. म्हणून घाम रोखणारे अँटीपर्स्पिरंट वेगळे आणि वास आवरणारे डिओडरंट वेगळे. चरकाला जिवाणू ठाऊक होते, असा याचा अर्थ मुळीच नाही. पण घाम पुष्कळ येऊनही ज्याला वास येत नाही आणि घाम बेताचा असूनही ज्याला वास येतो, अशी दोन्ही माणसे वैद्याच्या नजरेसमोर असणारच. निरीक्षणाला सूक्ष्मदर्शक लागत नाही.

दोन्ही कृतींत येणारे एकमेव द्रव्य म्हणजे लोध्र. ही चवीला तुरट, कातडी आवळणारी साल. लोध्राच्या प्रजातीतील झाडे जमिनीतले ॲल्युमिनियम शोषून पानांत आणि सालीत साठवतात. म्हणूनच कापडावर रंग पक्का बसवण्यासाठी रंगारी तुरटीच्या जागी ती वापरत आले. आजच्या घामरोधकांतही ॲल्युमिनियमचेच क्षार असतात. योगायोग लक्षवेधी आहे; त्याहून अधिक काही सिद्ध करण्याइतका पुरावा माझ्यापाशी नाही.

दुसरी कृती मी करून पाहिली. श्लोकात प्रमाण दिलेले नाही. अशा वेळी सर्व द्रव्ये समभाग आणि द्रव सांगितला नसेल तर पाणी घ्यावे, असा आयुर्वेदीय परिभाषेचा नियम आहे. काष्ठौषधींच्या दुकानात चार जिन्नस मिळाले. चंदन सहाणेवर उगाळले. आंघोळीनंतर पातळ लेप लावला, वाळल्यावर झटकला. घाम यायचा तेवढा आलाच. आंबूस वास मात्र दुपारपर्यंत आला नाही. बनियनला तांबूस डाग पडले, ते वेगळे. एका माणसाचा अनुभव हा पुरावा नव्हे, पण श्लोकाने दिलेल्या वचनापेक्षा जास्त काही मिळाले नाही आणि कमीही नाही.

वैद्यांच्या शेजारी आपल्याकडे आणखी एक परंपरा होती, गंधशास्त्राची. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर प. कृ. गोडे यांनी १९४५ मध्ये ‘गंधवाद’ या ग्रंथाच्या एका दुर्मीळ हस्तलिखिताचा परिचय करून दिला. ग्रंथ संस्कृत, पण सोबतची टीका मराठी. तिचा काळ गोड्यांनी १३५० ते १५५० च्या दरम्यान ठरवला. गंगाधराच्या ‘गंधसारा’सह तो १९८९ मध्ये बडोद्याहून छापला गेला. सुगंधाचे शास्त्र मराठीत समजावून द्यावे लागले, म्हणजे ते केवळ पंडितांपुरते नव्हते, असे मला वाटते. गंगाधर भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन या सहा प्रक्रिया सांगतो. त्या साऱ्या द्रव्याला गंध देण्याच्या आहेत. घाम थांबवणे हा या शास्त्राचा विषयच नाही.

घाम आणि वास यांची गाठ बाजाराने घातली. सिनसिनाटीच्या एका शल्यविशारदाने शस्त्रक्रियेच्या वेळी हात घामेजू नयेत म्हणून एक द्रावण केले होते. ते त्याच्या मुलीने, एडना मर्फीने, ‘ओडोरोनो’ नावाने विकायला काढले. नाव वासाचे, काम घाम अडवण्याचे. १९१९ मध्ये ‘लेडीज होम जर्नल’मध्ये त्याची जाहिरात आली. तुमच्या काखेला वास येतो आणि तो तुम्हालाच कळत नाही, असा तिचा रोख होता. सुमारे २०० वर्गणीदारांनी चिडून अंक बंद केला; खप मात्र वाढला. घामाची लाज अशी विकत मिळू लागली. उन्हात राबणाऱ्याचा घाम हा दोष नव्हे, हे सांगायची वेळ त्यानंतर आली.

आज ‘नैसर्गिक’ हा शब्दही असाच विकला जातो. तुरटीचा खडा रसायनमुक्त म्हणून खपवला जातो. पण तुरटी हा ॲल्युमिनियमचाच क्षार आहे. खाण्याचा सोडा अल्कधर्मी आणि त्वचा किंचित आम्लधर्मी, म्हणून कित्येकांच्या काखा त्याने लाल होतात. घरी जरूर करावे, पण आपल्याला घाम कमी करायचा आहे की वास, हे आधी ठरवावे. लोध्र, वाळा, चंदन यांची नावे पुढची बाब आहे. त्या श्लोकातून पहिल्यांदा उचलावा तो हा भेद.