नांव सर्वांचें, जबाबदारी कोणाची?

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनें पुण्यांत व्यायामशाळा काढण्याचें योजिलें आहे. वडिलांच्या प्रॉव्हिडंट फंडाची बरीचशी रक्कम तींत पडावयाची आहे. चार कारखान्यांचीं 'रिफॉर्मर' यंत्रांचीं मूल्यपत्रकें माझ्यापुढें ठेवून ती म्हणाली, "सर, चारहि जण 'पिलाटेस' हेंच नांव लावतात, आणि किमतींत मात्र दुपटीचें अंतर आहे. यांतील खरें कोणतें?" यंत्रविद्या हा माझा प्रांत नव्हे; परंतु 'खरें कोणतें' हा प्रश्न इतिहासाचाहि आहे, म्हणून मीं तो हातीं घेतला.

जोसेफ पिलाटेस याचा जन्म १८८३ सालीं जर्मनींतील म्यूनशेनग्लाडबाख या गांवीं झाला. लहानपणीं प्रकृतीनें दुबळा असलेल्या या मुलानें पुढें व्यायामालाच आपला धर्म मानलें. पहिलें महायुद्ध पेटलें तेव्हां तो इंग्लंडांत होता. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्यास स्थानबद्ध करण्यांत आलें आणि आइल ऑफ मॅन बेटावरील नॉकालो छावणींत ठेवण्यांत आलें. त्या छावणींत वीस हजारांहून अधिक माणसें कोंडलेलीं होतीं. तेथें अंथरुणास खिळलेल्या रुग्णांच्या खाटांना स्प्रिंगा बांधून त्यानें त्यांच्याकडून व्यायाम करविला, आणि त्यांतूनच रिफॉर्मर जन्मास आला, अशी कथा सांगतात. तिला आख्यायिकेच्याच खणांत ठेवणें बरें. परंतु ती लोकांच्या मनांत कां रुजली हें यंत्र पाहतांच उमगतें. सुमारें आठ फूट लांबीची चौकट, तींत चाकांवर पुढेंमागें सरकणारा गादीचा पाट, त्याला जोडलेल्या स्प्रिंगा, पायांसाठीं आडवा दांडा आणि हातांसाठीं कप्प्यांवरून आलेले पट्टे. माणूस बहुधा त्यावर निजूनच व्यायाम करतो. खाटेशीं त्याचें नातें डोळ्यांनाच दिसतें.

१९२६ सालीं पिलाटेस अमेरिकेस गेला आणि न्यूयॉर्कच्या एट्थ ॲव्हेन्यूवर त्यानें आपली सहचारिणी क्लारा हिच्यासह व्यायामशाळा थाटली. जॉर्ज बॅलनशीन आणि मार्था ग्रॅहम यांच्यासारखे नृत्याचार्य आपले नर्तक त्याच्याकडे पाठवूं लागले. कारण दुखावलेलें अंग शिक्षकाच्या नजरेखालीं हळूहळू कामास लावण्याची सोय येथें होती.

आतां मालकीचा प्रश्न. १९२७ सालीं पिलाटेस यास अमेरिकेंत आपल्या व्यायामयंत्राचें पेटंट मिळालें. त्या वेळच्या कायद्याप्रमाणें पेटंटाची मुदत सतरा वर्षांची. म्हणजे १९४४ सालीं तो हक्क संपला. नांवाची गोष्ट मात्र निराळी झाली. पिलाटेस स्वतः आपल्या पद्धतीस 'कॉन्ट्रॉलॉजी' म्हणे. १९४५ सालच्या त्याच्या ग्रंथाच्या शीर्षकांतहि हाच शब्द आहे. 'पिलाटेस' हें नांव रूढ झालें तें लोकांच्या तोंडीं. १९६७ सालीं तो वारला. पुढें तें नांव व्यापारचिन्ह म्हणून नोंदलें गेलें, आणि नोंदीचा धनी इतरांना तें वापरण्यास मनाई करूं लागला. वर्षानुवर्षें ही विद्या शिकविणाऱ्यांनाहि आपल्या दारावर तिचें नांव लिहिण्याची धास्ती वाटूं लागली. अखेर कॅलिफोर्नियांतील एका यंत्रनिर्मात्या कंपनीशीं कज्जा जुंपला, आणि ऑक्टोबर २००० मध्यें न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयानें निकाल दिला कीं, हें एका व्यायामपद्धतीचें सामान्य नांव असून कोणा एकाची मिळकत नव्हे. योग किंवा मल्लखांब या शब्दांवर कोणास धनीपणा सांगतां येऊं नये, तसेंच हें.

निकाल न्याय्य होता असें मला वाटतें. परंतु प्रत्येक मोकळीक आपलें मोल मागते. नांव सर्वांचें झालें, म्हणजे त्या नांवानें कशाचीहि हमी देण्याचें थांबलें. पूर्वी जी पारख नांवावर सोंपवितां येत असे, ती आतां घेणाऱ्याच्या माथीं आली आहे.

म्हणून मीं विद्यार्थिनीस सांगितलें कीं, नांव बाजूस ठेव आणि स्प्रिंग पहा. वजनाचा भार आरंभापासून शेवटपर्यंत तोच राहतो. स्प्रिंग जसजशी ताणावी तसतसा तिचा विरोध वाढतो. या यंत्राचें सारें मर्म येथें आहे, आणि धोकाहि येथेंच; ताणलेली स्प्रिंग तुटली तर निजलेल्या माणसास सांवरावयास वेळ मिळत नाहीं. घरांत एकानें वापरावयाचें यंत्र आणि दिवसभर माणसांमागून माणसें ज्यावर येणार तें यंत्र, यांचें माप एक नव्हे. अशा अखंड वापरांत स्प्रिंगा साधारण दोन वर्षांनीं बदलण्याची पद्धत आहे. तेव्हां त्या येथें मिळतील काय, किती दिवसांत, काय भावानें, हें लेखी घ्यावें. पाट रिकामा असतां आणि त्यावर भारी माणूस निजला असतां, दोन्ही वेळां तो न खडखडतां सरकतो कीं नाहीं हें पहावें. दांडा व खांद्यांचे ठोकळे ठेंगण्या स्त्रीसहि जुळवितां यावेत. आणि खोलीची लांबी मोजतांना यंत्राभोंवतीं शिक्षकास फिरावयाची जागा धरावी. कारण पाहणारा डोळा नसेल तर उत्तम रिफॉर्मर म्हणजेहि एक महागडी खाटच होय.

आठ दिवसांनीं ती पुन्हां आली. चार पत्रकांपैकीं तिच्या हातांत एकच उरलें होतें. तें सर्वांत स्वस्त नव्हतें, सर्वांत महागहि नव्हतें. उरलेल्या तिघांनीं तिच्या प्रश्नांना उत्तर म्हणून आणखी चित्रें पाठविलीं होतीं. या एकानें सुट्या भागांची यादी धाडली होती.