सोपवलेली ठेव



आपल्या शहराच्या पूर्वेला, पाथर्डीच्या वाटेवर, डोंगरावर तीन मजली अष्टकोनी इमारत दिसते. आपण सगळ्या तिला चांदबिबीचा महाल म्हणतो. मुलांच्या सहली तिथे जातात, आपणही डबे घेऊन जातो. वास्तविक ती मूर्तझा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. लोकांनी मात्र तिला चांदबिबीचे नाव दिले आणि तेच टिकले. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले. तरीही लोकांनी हेच नाव का जपले असेल, याचा विचार मी पुष्कळ दिवस करीत होते. मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त तो विचार तुमच्यापुढे मांडते.

चांदबिबी ही नगरच्या हुसेन निजामशहाची कन्या. विजापूरच्या अली आदिलशहाला ती दिली होती. सन १५८० मध्ये त्याचा खून झाला. मूलबाळ नव्हते. गादीवर आला तो नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम, आणि त्याला सांभाळण्याचे काम हिच्याकडे आले. दरबारातल्या एका सरदाराने तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद करून ठेवले. सुटून आल्यावर तिने पुन्हा तेच काम हाती घेतले. पुढे ती माहेरी नगरला आली.

सन १५९५ मध्ये नगरचा इब्राहिम निजामशहा लढाईत पडला. त्याचा मुलगा बहादूर अगदी तान्हा, म्हणजे चांदबिबीच्या भावाचा नातू. सरदारांत फळ्या पडल्या. मियाँ मंजू नावाच्या वजिराने दुसऱ्याच एका मुलाला गादीवर बसवले आणि बहादूरला जुन्नरकडच्या चावंड किल्ल्यात डांबले. एवढ्यावर भागले नाही, तेव्हा त्याने अकबर बादशहाचा मुलगा मुराद याला मदतीला बोलावले. घरच्या भांडणात बाहेरच्याला बोलावले, की तो घर पाहूनच जातो! डिसेंबरमध्ये मोगल फौज आपल्या भुईकोट किल्ल्याभोवती येऊन बसली.

किल्ला लढवला चांदबिबीने. मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. आतल्या लोकांनी त्यातले काही शोधून निकामी केले. पण फेब्रुवारी १५९६ मध्ये एक उडाला आणि तटाला भगदाड पडले. माणसे पळू लागली. तेव्हा ती बुरखा घेऊन, हातात तलवार धरून भगदाडापाशी उभी राहिली. दिवसभर हल्ले परतवले आणि रातोरात तट बांधून काढला. शेवटी तह झाला. तिने वऱ्हाड प्रांत मोगलांना दिला आणि त्या बदल्यात बहादूरची गादी मान्य करून घेतली.

येथे मी अडखळले. मुलूख देऊन टाकणे ही निष्ठा कशी? हा प्रश्न मी शेजारच्या ख्रिस्ती काकूंना विचारला. आपल्या नगरात मिशनची वस्ती १८३१ पासूनची, त्यामुळे बायबलातल्या गोष्टी आपल्या कानांना नव्या नाहीत. काकूंनी मला प्राचीन इस्राएलच्या राजांची हकीकत सांगितली. त्या ग्रंथात राजाने राज्य किती वाढवले यावर त्याची परीक्षा होत नाही; देवाशी तो निष्ठेने वागला की नाही, हेच पाहतात.

त्यात अथल्या नावाची राणी आहे. तिने सत्तेसाठी राजवंशाचा संहार केला. त्या वेळी यहोशेबा नावाच्या आत्याने योवाश या तान्ह्या भाच्याला उचलले आणि सहा वर्षे मंदिरात लपवून वाढवले. सातव्या वर्षी तो राजा झाला. या कामी यहोशेबेचा नवरा, यहोयादा याजक, याने पुढाकार घेतला होता. पण तो वारल्यावर योवाशाने त्याच्याच मुलाला, जखऱ्याला, मंदिराच्या अंगणात दगडांनी मारविले. ज्या घराने जीव वाचवला त्या घराचे हे पांग फेडले!

ऐकून माझ्या मनात चांदबिबीचा शेवट आला. सन १६०० मध्ये अकबराचा दुसरा मुलगा दानियाल याने नगरला वेढा घातला. या खेपेला किल्ला टिकणार नाही हे तिने ओळखले. बोलणी करावी आणि लहान राजाला सुखरूप बाहेर काढावे, असा तिचा बेत होता. तेवढ्यात किल्ल्यातल्याच एकाने ओरड केली, की बाई शत्रूला मिळाली. कोणी खरे-खोटे पाहिले नाही. जमाव आत शिरला आणि तिला ठार केले. थोड्याच दिवसांत किल्ला पडला, आणि बहादूर ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदी झाला.

मला वाटते, निष्ठा म्हणजे हट्ट नव्हे. आपल्यावर जी ठेव सोपवली आहे ती सांभाळणे, म्हणजे निष्ठा. तिच्यासाठी कधी तट बांधावा लागतो, तर कधी प्रांत सोडावा लागतो. तिची परतफेड होईल असा भरवसा मात्र नाही.

दुसरी गोष्ट आपल्या सगळ्यांसाठी आहे. आमच्या गल्लीत एक भिशी होती. पैसे सांभाळणाऱ्या बाईंनी एकदा वही दाखवायला उशीर केला. कोणीतरी म्हणाले, काहीतरी गडबड आहे. मीही मान डोलावली. पुढे हिशेब पैशापैशाला जुळला. पण त्या बाई पुन्हा भिशीत आल्या नाहीत. आजही रस्त्यात भेटल्या की त्या हसतात, आणि मीच खाली पाहते. किल्ल्यातल्या जमावाला मी काय नावे ठेवू?

मंडळ चालते ते अशाच विश्वासावर. कोणाबद्दल शंका आली तर तिलाच जाऊन विचारावे, हा नेम आपण या वर्षी करू या. आणि पुढच्या सहलीला डोंगरावर गेलो, की मुलांना सांगू, इमारत सलाबतखानाची आहे आणि आठवण चांदबिबीची आहे.