दीपमाळेचा उजेड

उज्जैनच्या देवास गेट बसस्थानकावर उतरून हरसिद्धीच्या दर्शनाला गेलेल्या मराठी माणसाला देवळाच्या आवारात शिरताच ओळख पटते. समोर दगडी दीपमाळांची जोडी उभी असते. तिथली मंडळी त्यांना ‘दीपस्तंभ’ म्हणतात, आपण दीपमाळ. शब्द दोन, दगड एकच. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये ग्वाल्हेरला बस्तान हलवले, तरी मराठी अमदानीची ही खूण उज्जैनला राहिली. नवरात्रात माणसे वर चढून हजारावर दिवे उजळतात.

हा उजेड जसाच्या तसा छायाचित्रात धरणे मात्र फार उशिरा साधले. माळव्यात कॅमेरा लवकर आला होता. इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीस असलेल्या लाला दीनदयाळांनी १८७० च्या दशकात दुसऱ्या तुकोजीराव होळकरांच्या आश्रयाने छायाचित्रणात नाव कमावले. पण तेव्हाची ओल्या काचेची पद्धत मंद होती. रसायन वाळण्याआधी चित्र घ्यायचे आणि भर उन्हातही काही सेकंद थांबायचे. तिथे पणतीचा काय पाड!

१८८७ मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमची झगमगती पूड निघाली. चेहरे दिसू लागले, पण दिव्याचा स्वतःचा उजेड त्या झगमगाटात बुडाला. खरा तोडगा भिंगात होता. १९२४-२५ च्या सुमारास ड्रेस्डेनच्या एर्नेमान कारखान्याने एफ/२ आणि पुढे एफ/१.८ भिंगाचा एर्मानॉक्स कॅमेरा काढला. तो घेऊन एरिक सॉलोमनने न्यायालये आणि परिषदा कृत्रिम झोताशिवाय टिपल्या. १९७५ च्या ‘बॅरी लिंडन’मध्ये स्टॅन्ले कुब्रिकने मेणबत्तीच्या उजेडातली दृश्ये घेतली, ती मुळात नासासाठी घडवलेल्या त्साइसच्या एफ/०.७ भिंगाने.

या आकड्यांचा हिशेब सोपा आहे. आकडा जितका लहान, तितके भिंगाचे तोंड मोठे. एफ/१.८ चे भिंग एफ/३.५ पेक्षा जवळजवळ चौपट प्रकाश आत घेते. म्हणून दीपमाळेसाठी लांबच्या झूमपेक्षा ३५ किंवा ५० मिलिमीटरचे साधे, उघड्या तोंडाचे भिंग बरे. आयएसओ ८००, एफ/२ आणि सेकंदाचा साठावा भाग, इथून सुरुवात करावी. तिवईवर कॅमेरा ठेवून दोन सेकंद शटर उघडे ठेवले तर दगड स्वच्छ येतो, पण वाऱ्याने हलणाऱ्या ज्योती फिसकटतात. मीटर भोवतीच्या काळोखाला भुलून जास्त प्रकाश मागतो. त्याचे ऐकल्यास ज्योतींचे नुसते पांढरे ठिपके उरतात. तेव्हा एक-दोन पायऱ्या कमीच घ्यावे.

घरोघरच्या जुन्या अल्बमात फ्लॅशने पांढरे पडलेले चेहरे असतात आणि मागे काळी भिंत. ही यात्रा कुठली, देऊळ कोणते, हे सांगणारे माणूस गेले की तो फोटो मुका होतो. मुलुखापासून दूर राहिलेल्या मराठी घरांना हे नुकसान परवडणारे नाही. यंदा फ्लॅश बंद ठेवा. आजीच्या चेहऱ्यावर दीपमाळेचाच उजेड पडू द्या, म्हणजे तिच्यामागची दीपमाळही नातवंडांना दिसेल.