डेबियन: एका ऑपरेटिंग सिस्टीमची राज्यघटना

डेबियन ही लिनक्सवर उभी असलेली ऑपरेटिंग सिस्टीम १६ ऑगस्ट १९९३ रोजी जाहीर झाली. तिला मालक नाही आणि तिच्यामागे कंपनीही नाही. जगभर विखुरलेले हजाराच्या आसपास स्वयंसेवक ती चालवतात. त्यांच्याजवळ लिखित घटना आहे, दरवर्षी होणारी निवडणूक आहे, ठराव आणि उपसूचना मांडण्याची रीत आहे आणि गणपूर्तीचे सूत्रही आहे. एखाद्या जुन्या सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेत जे जे घडते ते सगळे येथे घडते, फक्त सभागृहाच्या जागी ई-मेल असते. सॉफ्टवेअर आणि राजकारण यांचा संबंध काय, या प्रश्नाला या मंडळींनी तीस वर्षांत दिलेली उत्तरे हाच डेबियनच्या इतिहासातला सर्वांत रंजक भाग आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. अमेरिकेतील एमआयटीमध्ये काम करणारे रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. प्रत्येकाला वापरता, तपासता, बदलता आणि वाटता येईल अशी संपूर्ण प्रणाली लिहायची, हा त्यामागचा हेतू. १९८९ मध्ये त्यांनी जीपीएल हा परवाना आणला. फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहिला आणि पुढच्या वर्षी तो याच परवान्याखाली दिला. पण गाभा आणि शेकडो सुटे कार्यक्रम एकत्र बांधून देणारे कोणी तरी लागते. तेव्हाच्या बांधण्या ढिसाळ होत्या. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या इयन मर्डॉक यांना हे खटकले. एका व्यापाऱ्याच्या मर्जीवर न चालणारी, अनेकांनी उघडपणे जुळवलेली प्रणाली त्यांनी सुचवली. इयन आणि त्यांची तेव्हाची मैत्रीण डेब्रा यांच्या नावांवरून प्रकल्पाचे नाव पडले. १९९४ च्या नोव्हेंबरपासून वर्षभर स्टॉलमन यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने खर्चाला हातभार लावला. नंतर वाटा वेगळ्या झाल्या.

पहिली चार वर्षे कारभार विश्वासावर चालला. मग प्रश्न आला तो वचनाचा. उद्या पैसेवाला भेटला तर ही मंडळी प्रणाली विकून मोकळी होणार नाहीत, याची हमी काय? तेव्हाचे प्रमुख ब्रूस पेरेन्स यांनी मसुदा केला, सभासदांनी १९९७ चा जून महिना त्यावर खल करण्यात घालवला आणि ५ जुलै १९९७ रोजी ‘सामाजिक करार’ मंजूर झाला. डेबियन कायम मुक्त राहील, दोष लपवले जाणार नाहीत, वापरणारे आणि मुक्त सॉफ्टवेअर यांनाच अग्रक्रम राहील, अशी त्यातली आश्वासने आहेत. त्याच्याच पोटात मुक्त सॉफ्टवेअर कशाला म्हणायचे याची दहा कलमे आली. त्यांतली पाचवी आणि सहावी कलमे या इतिहासाचा कणा आहेत.

पाचवे कलम म्हणते की परवान्याने कोणत्याही व्यक्तीशी किंवा गटाशी भेदभाव करता कामा नये. सहावे म्हणते की वापराच्या क्षेत्रावर बंधन नको: धंद्यात वापरू नका, जनुकीय संशोधनात वापरू नका असे सांगता येणार नाही. वरवर पाहता ही निरुपद्रवी वाक्ये आहेत. त्यांची धार कळते ती उदाहरणातून. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेने विजेच्या मंडलांची रचना करणाऱ्या एका कार्यक्रमाच्या परवान्यात, दक्षिण आफ्रिकेच्या पोलिसांना तो वापरता येणार नाही, अशी अट घातली होती. काळ वर्णद्वेषी राजवटीचा होता आणि अटीमागची भावना कोणाही सभ्य माणसाला पटेल अशीच होती. पण राजवट गेली तरी अट कागदावर राहिली. नव्या दक्षिण आफ्रिकेच्या पोलिसांनाही ती लागू होत होती. पेरेन्स यांनी यावरून काढलेला निष्कर्ष सरळ आहे: गर्भपात केंद्राला आणि गर्भपातविरोधी संघटनेला एकच सॉफ्टवेअर सारखेच वापरता आले पाहिजे, त्यांचा वाद कायदेमंडळात मिटवावा, परवान्यात नव्हे.

१९९८ मध्ये नेटस्केप कंपनीने आपला ब्राउझर खुला करण्याचे जाहीर केले. त्या धामधुमीत पेरेन्स आणि एरिक रेमंड यांनी ओपन सोर्स इनिशिएटिव्ह स्थापन केली. ‘ओपन सोर्स’ची तिने स्वीकारलेली व्याख्या म्हणजे डेबियनची हीच दहा कलमे, त्यांतले डेबियनचे उल्लेख वगळून. आज जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांचे वकील ज्या व्याख्येवर बोट ठेवून चालतात ती एका स्वयंसेवी मंडळाने ई-मेलवर वाद घालून ठरवलेली आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

कलमे लावायची कशी, यासाठी डेबियनच्या परवाना-चर्चेत काही कल्पित कसोट्या रूढ झाल्या. एक निर्जन बेटाची: बेटावर अडकलेल्या माणसाला इंटरनेट नाही, तेव्हा प्रत्येक बदल मूळ लेखकाला कळवा ही अट तो पाळू शकत नाही, म्हणून तो परवाना मुक्त नाही. दुसरी बंडखोराची: हुकूमशाही राज्यात राहणाऱ्याला स्वतःची ओळख उघड न करता सॉफ्टवेअर बदलून साथीदारांना देता आले पाहिजे. नाव-पत्ता मागणारा परवाना येथे नापास होतो. म्हणजे परवान्यातून राजकारण हद्दपार करणाऱ्या या मंडळींच्या कसोटीत राजकीय बंडखोराचे भान पुरेपूर होते. या कठोरपणाला विनोदी बाजूही आहे. डग्लस क्रॉकफर्ड यांनी आपल्या जेसन परवान्यात, हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरावे, वाइटासाठी नव्हे, असे एक वाक्य घातले. डेबियनने तो परवाना अमुक्त ठरवला, कारण वाईट काय हे ठरवणार कोण?

सरकारे मात्र परवान्याच्या बाहेर उभी नसतात. नव्वदच्या दशकात अमेरिकी कायद्यानुसार सांकेतिक लिपीची बळकट सॉफ्टवेअरे निर्यातबंदीच्या कक्षेत येत, शस्त्रास्त्रांच्या यादीत बसवल्यासारखी. डेबियनने त्यावर काढलेला तोडगा साधा होता. अशी पॅकेजे अमेरिकेबाहेरच्या सर्व्हरवर, ‘नॉन-यूएस’ नावाच्या वेगळ्या विभागात ठेवली. अमेरिकेतला माणूस ती उतरवून घेऊ शके, पण अमेरिकेतून ती बाहेर पाठवली जात नसत. निर्बंध सैल झाल्यावर २००२ पासून ती मुख्य भांडारात आली.

सभासदत्वाची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. अर्जदाराने आपली एक डिजिटल किल्ली तयार करायची. तिचा ठसा चाळीस अक्षरांचा असतो. तो कागदाच्या चिठ्ठीवर छापून जुन्या सभासदाला प्रत्यक्ष भेटायचे. तो पासपोर्ट किंवा ओळखपत्र हातात घेऊन चेहरा पडताळतो, चिठ्ठी खिशात ठेवतो आणि घरी गेल्यावर त्या किल्लीवर आपल्या किल्लीने सही करतो. संमेलनांमध्ये यासाठी माणसे चिठ्ठ्या घेऊन रांगा लावतात. पुढे नियमांवर आणि तंत्रावर प्रश्नोत्तरे होतात. मते किंवा पॅकेजे पाठवायची ती याच किल्लीने सही करून. इंटरनेटवर जन्मलेल्या संस्थेने नागरिकत्व मात्र समोरासमोरच्या ओळखीवर बेतले.

डिसेंबर १९९८ मध्ये घटना स्वीकारली गेली. प्रकल्प-प्रमुख एका वर्षासाठी निवडून येतो, पण त्याला हुकूम देण्याचा अधिकार जवळजवळ नाही. स्वयंसेवकाला नको असलेले काम करायला घटना कोणालाही भाग पाडू देत नाही. तांत्रिक वादांसाठी एक समिती आहे आणि सर्वांच्या वर सर्वसाधारण ठराव. पाच अनुमोदक मिळाले की कोणीही सभासद तो आणू शकतो. गणपूर्ती सभासदसंख्येच्या वर्गमुळाच्या दीडपट: हजार सभासद असतील तर सुमारे ४७ जण पुरे. मत म्हणजे फुली मारणे नव्हे. सर्व पर्यायांना पसंतीक्रम द्यायचा आणि प्रत्येक पर्यायाची दुसऱ्या प्रत्येकाशी जोडीने तुलना होते. ही अठराव्या शतकातील फ्रेंच गणिती कोंदोर्से यांची पद्धत. मतपत्रिकेवर ‘आणखी चर्चा’ हाही पर्याय असे आणि त्याच्याकडून हरलेला प्रस्ताव बाद होई. वाद घालण्याची हौस मतपत्रिकेवरच नोंदवणारी संस्था क्वचितच सापडेल.

या घटनेची खरी परीक्षा २००४ मध्ये लागली. सामाजिक करारातील शब्दरचना नीट करण्याचा एक ठराव फारसा गाजावाजा न होता मंजूर झाला. मग लक्षात आले की नव्या शब्दांनुसार मुक्ततेचे निकष केवळ कार्यक्रमांना नव्हे, तर माहितीपुस्तिका, चित्रे, हार्डवेअरसाठीचे फर्मवेअर या सगळ्यांनाच लागू होतात. तसे झाले तर तोंडावर आलेली आवृत्ती बाहेर पडणे अशक्य होते. दुसरा ठराव करून अंमलबजावणी पुढे ढकलावी लागली. ‘सार्ज’ ही आवृत्ती अखेर जून २००५ मध्ये आली. यातून एक विलक्षण परिस्थिती उद्भवली. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या स्वतःच्या काही पुस्तिकांच्या परवान्यात, ठरावीक मजकूर कोणी बदलू नये, अशी अट होती. २००६ च्या मतदानानंतर अशा पुस्तिका डेबियनने ‘अमुक्त’ विभागात टाकल्या. स्टॉलमन यांचा धडा शिष्यांनी गुरूलाच लावला, आणि तर्काच्या दृष्टीने शिष्यांचेच बरोबर होते.

सरकारी कचेऱ्यांत मुक्त प्रणाली नेण्याच्या मोहिमाही याच काळातल्या. स्पेनच्या एक्स्त्रेमादुरा प्रांताने २००२ मध्ये डेबियनवर बेतलेली लिनेक्स प्रणाली शाळांत नेली. म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये विंडोज सोडण्याचा निर्णय घेतला आणि २०१७ मध्ये राजकीय समीकरण बदलल्यावर तो फिरवला. केरळच्या शाळांमध्ये आलेल्या ग्नू/लिनक्सच्या सुरुवातीच्या आवृत्त्याही डेबियनवर आधारलेल्या होत्या आणि तेथे एका कंपनीच्या उत्पादनांवर बेतलेल्या अभ्यासक्रमाला शिक्षक संघटनांनी विरोध केला होता. सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणन संस्थेच्या चेन्नई केंद्राची ‘बॉस’ प्रणालीही डेबियनच्याच पायावर उभी आहे. मराठीपुरते सांगायचे तर डेबियन बसवताना भाषांच्या यादीत मराठी निवडता येते आणि पुण्यातील अभियंत्यांनी वर्षानुवर्षे सांभाळलेले लोहित फॉन्ट तिच्या भांडारात आहेत.

सर्वांत कडू भांडण मात्र धोरणावरून नव्हे, तर यंत्र सुरू होताना चालणाऱ्या पहिल्या कार्यक्रमावरून झाले. जुनी पद्धत ठेवायची की ‘सिस्टमडी’ स्वीकारायची? फेब्रुवारी २०१४ मध्ये तांत्रिक समिती चार विरुद्ध चार अशी दुभंगली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडी जिंकला. नोव्हेंबरमध्ये सर्वसाधारण ठराव आला, तेव्हा सभासदांनी कौल दिला की अशा ठरावाची गरजच नाही. समितीतील काही ज्येष्ठांनी राजीनामे दिले, तर दुखावलेल्या एका गटाने ‘देवुआन’ नावाची वेगळी प्रणाली काढली. फुटून निघण्याचा हक्क परवान्यातच असल्याने ती फूट कायदेशीर आणि तुलनेने शांत राहिली.

सामाजिक प्रश्न उशिरा दारात आले. सभासदांत स्त्रिया अगदी मोजक्या, म्हणून २००४ मध्ये डेबियन विमेन हा गट निघाला. २०१२ मध्ये विविधतेचे निवेदन आणि २०१४ मध्ये आचारसंहिता, दोन्ही मतदानाने मंजूर झाली. भेदभाव न करण्याचे जे तत्त्व परवान्याला १९९७ मध्ये लावले, ते माणसांच्या वागणुकीला लावायला पंधरा वर्षे लागली. ही दिरंगाई समर्थनीय नाही.

मार्च २०२१ मध्ये स्टॉलमन फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या संचालक मंडळावर परतले. लैंगिक शोषणाच्या एपस्टीन प्रकरणासंदर्भातील त्यांच्या ई-मेलवर टीका झाल्याने २०१९ मध्ये त्यांनी पद सोडले होते. डेबियनने त्यांच्या हकालपट्टीची मागणी करावी येथपासून त्यांची पाठराखण करावी येथपर्यंतचे पर्याय मतपत्रिकेवर आले. जिंकला तो वेगळाच पर्याय: या विषयावर डेबियन जाहीर निवेदन करणार नाही. मात्र कोणी कसे मत दिले ते तोवर नावानिशी प्रसिद्ध होत असे आणि यावेळी अनेकांना छळाची भीती वाटली. २०२२ मध्ये मतदान गुप्त करण्याचा ठराव झाला. तेव्हापर्यंत ही गुप्तता केवळ प्रमुखाच्या निवडणुकीत होती.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दुसरी तडजोड झाली. नव्या लॅपटॉपचे वायफाय अमुक्त फर्मवेअरशिवाय चालत नाही, हे मान्य करून सामाजिक करार दुरुस्त करण्यात आला आणि जून २०२३ मधील ‘बुकवर्म’ आवृत्तीच्या अधिकृत प्रतीत असे फर्मवेअर आले. डिसेंबर २०२३ मध्ये युरोपीय संघाच्या सायबर सुरक्षा कायद्याच्या मसुद्यावर मात्र डेबियनने ठराव करून निवेदन काढले, कारण मुक्त सॉफ्टवेअर फुकट लिहिणाऱ्यांवर त्यातून जबाबदारी येण्याचा धोका होता. व्यक्तीवर मौन आणि आपल्या कामावर येणाऱ्या कायद्यावर बोलणे, ही सीमारेषा समंजस म्हणावी लागेल. सामाजिक करार १९९७ पासून २००४ आणि २०२२ असा दोनदा बदलला. मुक्ततेच्या निकषांतील पाचवे आणि सहावे कलम मात्र आजही जसेच्या तसे आहे.